पोटात पाय असणाऱ्यांचा बंदोबस्त

मासे आणि पाणझाडांच्या हिरव्या टँकचा नाद लागलेल्या माणसाच्या आयुष्यात ती रात्र कधी ना कधी येतेच. पाणी प्यायला उठावं, जाता जाता मोबाइलचा टॉर्च काचेवर मारावा, आणि दिवसा जिथे दोन-चार ठिपके दिसतात तिथे काचभर गोगलगायी चालताना दिसाव्यात. माझी ही रात्र आली तेव्हा मी वितभर काचेवरच्या मोजायला घेतल्या आणि चाळिसाच्या पुढे नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. माझं ऐकून संपायच्या आत दुकानदारानं नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे असलेला एक गोंडस मासा पिशवीत भरला. "महिन्यात एक गोगलगाय दिसली तर सांगा. आणि हा मोठा होत नाही." पहिलं वाक्य अक्षरशः खरं ठरलं. दुसऱ्यानं मला पुढची तीन वर्षं कामाला लावलं.

तो होता क्लाउन लोच. मूळचा सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधला. दुकानात बोटाएवढा असतो, पण पूर्ण वाढीला एक फुटाच्या घरात जातो आणि नीट सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगतो. शिवाय एकट्यानं राहणं त्याला मानवत नाही, पाच-सहा जणांचं टोळकं लागतं. दोन फुटी टँकमध्ये पाणी मावतं पन्नासेक लिटर. त्यात असं टोळकं म्हणजे वन-आरकेमध्ये वऱ्हाड उतरवण्यासारखं. वर ॲमेझॉन स्वोर्ड या पाणझाडाच्या रुंद पानांना भोकं पाडायची खोड. गोगलगायी होत्या तेव्हा निदान पानं तरी शाबूत होती.

पण मासा निवडण्याआधी शत्रू कोण हे पाहायला हवं होतं, आणि ते मी फार उशिरा पाहिलं. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं आपण माणसांबद्दल म्हणतो, पण या प्राण्यांच्या वर्गाचं शास्त्रीय नाव 'गॅस्ट्रोपोडा', त्याचाही अर्थ नेमका पोट-पायच. त्यातले तीन जण टँकमध्ये हटकून येतात. पहिली ब्लॅडर गोगलगाय: तपकिरी, पातळ कवचाची, कवचाचं तोंड डावीकडे. एकाच देहात नर आणि मादी दोन्ही, आणि जोडीदार नसला तरी तिचं काही अडत नाही. पानाखाली जेलीचा पारदर्शक ठिपका दिसला की तिची अंडी समजावीत. दुसरी रॅम्सहॉर्न, चपट्या चकलीसारखी. हिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून काही लालभडक दिसतात आणि लोक त्या विकतही घेतात. तिसरी मलेशियन ट्रम्पेट, निमुळत्या स्क्रूसारखी. नावात मलेशिया असली तरी म्युलर या शास्त्रज्ञानं 1774 मध्ये तिचं वर्णन केलं ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि बहुतेक वेळा नराशिवाय. दिवसा वाळूत गाडून घेते, रात्री वर येते, आणि धोका वाटला की कवचाच्या तोंडावरचं झाकण लावून घेते. दाराला आतून कडी असलेला हा एकच भाडेकरू. म्हणूनच जो मासा ब्लॅडरचा आठवड्यात फडशा पाडतो, तो ट्रम्पेटपुढे हात टेकतो.

आता मासे. ज्याला गोगलगाय खाण्यासाठीच घडवलंय असं वाटावं तो पी पफर. केरळातल्या नद्यांमधला, जेमतेम इंचभर, हिरवट-पिवळ्या अंगावर काळे ठिपके आणि दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत तुमच्याकडे बघणारा. सुंदरलाल होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात त्रावणकोर आलं. शिकार करताना तो गोगलगायीसमोर हेलिकॉप्टरसारखा स्थिर राहतो, तिनं मान बाहेर काढायची वाट पाहतो आणि टच्‌कन तोडतो. पाहत राहावं असं दृश्य! पण हीच एकाग्रता तो गप्पीच्या शेपटीवरही दाखवतो. गप्पी, फायटर, एंजल असे लांब परांचे मासे असलेल्या सार्वजनिक टँकमध्ये पफर सोडणं म्हणजे कात्री सोडणं. त्याला स्वतःचा झाडीचा टँक हवा, आणि खायला जिवंत नाही तर गोठवलेलं खाद्य. सुकं खाद्य तो सहसा तोंडात धरून थुंकतो. म्हणजे गोगलगायी संपल्या की पंचाईत. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांनी गोगलगायी घालवायला पफर आणला आणि आता पफरसाठी खिडकीत बरणी ठेवून गोगलगायी वाढवतात. भाजीवाल्याकडून पालकाची बाहेरची पानं मागून आणतात. सुखात आहेत.

सार्वजनिक टँकसाठी नजर पुन्हा लोचकडेच जाते, फक्त लहान लोचकडे. या कुळाची खाण्याची तऱ्हा न्यारी. कवच फोडायच्या भानगडीत ते सहसा पडत नाहीत. तोंड कवचाला लावायचं आणि मांस ओढून घ्यायचं. सकाळी वाळूवर रिकामी कवचं पडलेली दिसतात. खूश असले की टक्‌टक् आवाज करतात, बंद काचेतूनही ऐकू येतो. कुशीवर आडवे पडून झोपतात, त्यामुळे नवा मालक पहिल्या आठवड्यात एकदा तरी 'मेला' म्हणून हात घालतोच. डोळ्याखाली काटा असतो, जाळीत पकडताना तो अडकतो, म्हणून भांड्यानं काढावेत. खवले अगदी बारीक, त्यामुळे औषधं त्यांना लवकर बाधतात.

गंगेच्या खोऱ्यातला योयो लोच स्वस्त आणि धडधाकट, पण दांडगट. सहा इंचांच्या आसपास वाढतो आणि खाद्य टाकलं की बाकीच्यांना ढकलून पुढे होतो. थायलंडचा ड्वार्फ चेन लोच दोन-सव्वादोन इंचांत थांबतो, दोन फुटी टँकला त्याच्याइतका शोभणारा दुसरा नाही. मात्र तो मिळायला दुर्मीळ आणि खिशाला जड.

माझं मत विचाराल तर झेब्रा लोच. पिवळसर अंगावर बारीक तिरकस पट्टे, लांबी तीन-साडेतीन इंच, स्वभाव कुळाच्या मानानं गरीब. नाजूक पानांच्या वाटेला फारसा जात नाही. तीन फुटी टँक, बारीक वाळू, लाकडाच्या खबदाडी आणि पाच-सहा जणांचा गट एवढं दिलं की तो ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्नची पिल्लं वेचत राहतो. ट्रम्पेटला वाळूतून हुसकून छोट्या-छोट्या संपवतो, मोठ्या तशाच राहतात. राहू द्याव्यात, वाळू उकरून मोकळी ठेवायचं काम त्या फुकटात करतात.

आणि हा मासा परका नाही. सी. आर. नारायण राव यांनी 1920 मध्ये तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. तो फक्त पश्चिम घाटातून निघणाऱ्या नद्यांमध्ये सापडतो, आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातही. कोल्हापूरच्या माशांवर कळावर आणि केळकर यांचा लेख 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला, त्यात याच्या एका प्रकाराला चक्क कोल्हापूरचं नाव दिलेलं आहे. वाळूउपसा, मैलापाणी आणि धरणं यांनी त्याची वस्ती आक्रसली, आणि आज तो 'संकटग्रस्त' यादीत आहे. बाजारातले बरेचसे झेब्रा नदीतूनच धरलेले असतात. त्यामुळे चार गोगलगायींसाठी तो आणायचा का, हा प्रश्न मला अजून टोचतो. ज्याला हा मासा त्याच्यासाठीच पाळायचा आहे, त्यानं आणावा. गोगलगायी ही त्याची चटणी, जेवण नव्हे. रोजचं बुडणारं खाद्य द्यावंच लागतं.

हौसेनं कोळंबी पाळणाऱ्यांनी मात्र कुठलाच लोच आणू नये. कोळंबीची पिल्लं आणि गोगलगायीची पिल्लं यांत तो फरक करत नाही. त्यांच्यासाठी असॅसिन गोगलगाय बरी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आणि आपल्याच जातभाईंना खाणारी. गुरामी किंवा फायटर बारीक पिल्लं टिपतात, पण त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. तांब्याच्या औषधाची बाटली कुणी पुढे केली तर नको म्हणावं. गोगलगायींबरोबर कोळंबी जाते, आणि वाळूत एकदम मेलेल्या शेकडो देहांतून निघालेल्या अमोनियानं मासेही.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, कारण तिच्यात विक्री नाही. गोगलगायी वाढतात त्या उरलेल्या खाद्यावर आणि कुजक्या पानांवर. मी क्लाउन लोच घरात असतानाच खाद्य निम्म्यावर आणलं, रविवारी उपास ठेवला, पिवळी पानं कात्रीनं काढू लागलो. रात्री उकडलेल्या काकडीची चकती वाळूवर ठेवायची, सकाळी ती लगडलेल्या गोगलगायींसकट उचलायची. नवी झाडं आधी तुरटीच्या पाण्यात दिवसभर बुडवून मगच आत. त्यामुळे लोच नसतानाही पुढे त्या परत फोफावल्या नाहीत. परवा टॉर्च मारला तेव्हा काचेवर नऊ होत्या.

तो क्लाउन लोच मी शेवटी सहा फुटी टँक असलेल्या एका स्नेह्याला दिला. तिथे त्याच्या जातीचे आणखी सात जण आहेत. दिवाळीच्या फराळाला गेलो की पाहतो. आता वितीपेक्षा लांब झालाय. गेल्या खेपेला लाकडाखाली कुशीवर आडवा पसरला होता, आणि शेजारी बसलेली स्नेह्याची नात मला समजावत होती, "काका, घाबरू नका, तो झोपलाय."