अहमदाबादचा लवाद

धनी व कामगार यांच्यातील तंटा बळाने मिटवावा की न्यायाने, हा प्रश्न व्यापारी समाजास नवा नाही. त्या दृष्टीने सन १९१८ मधील अहमदाबादचे उदाहरण मननीय आहे. प्लेगच्या साथीत दिलेला बोनस बंद होताच गिरण्यांतील विणकरांनी ३५ टक्के पगारवाढ मागितली. मालक २० टक्क्यांपलीकडे जाईनात. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई जैन कुळातील. आणि कामगारांच्या पाठीशी उभ्या राहिल्या त्यांच्याच वडील भगिनी अनसूयाबेन! २२ फेब्रुवारीस टाळेबंदी झाली. कामगारांचा धीर खचू लागताच १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले. त्यामुळे मालकांवर दडपण आले, हा दोष त्यांनी स्वतःच मान्य केला. १८ मार्चला उभय पक्षांनी लवाद पत्करला. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच न्याय्य ठरविले. १९२० साली ‘मजूर महाजन’ स्थापन झाले. व्यापाऱ्यांच्या पंचायतीचे ‘महाजन’ हे नाव कामगारांनी आपल्या संघास दिले.

यातून आपण काय घ्यावे? जी मागणी लवादाने अखेर न्याय्य ठरविली, तिच्यासाठी गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांच्या चुली विझल्या. पेढीवरील गुमास्ता अथवा वखारीतील हमाल गाऱ्हाणे घेऊन आला, तर तंटा विकोपास जाण्यापूर्वीच दोघांस मान्य असा पंच नेमावा. त्यात धन्याची प्रतिष्ठा उणावत नाही.