माळ्यावरची रॅले आणि आपले समज

गणपतीच्या आधी रत्नागिरीच्या आसपासची बंद घरं उघडतात. माळे झाडले जातात, पडवीतली अडगळ खळ्यात येते, आणि तिच्यात पुष्कळदा एक काळी, उंच, आडव्या दांड्याची सायकल निघते. मग घरात दोन मतं पडतात. एकाच्या मते ती भंगारात किलोवर घालायची. दुसऱ्याने मोबाईलवर तसल्याच सायकलीची भलीमोठी किंमत पाहिलेली असते, म्हणून त्याच्या लेखी ती सोन्याची. जुन्या सायकली स्वस्तात शोधत हिंडणाऱ्या माणसाला ही दोन्ही मतं दारोदार ऐकावी लागतात, आणि दोन्ही मतांनी चांगल्या सायकली वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिल्या मताने त्या वितळवल्या जातात. दुसऱ्या मताने कोणी घेत नाही म्हणून जागच्या जागी कुजतात. सायकलीचं मोल तिच्या अंगावर मूळचं काय काय टिकलं आहे त्यावरून ठरतं, आणि ते ओळखायला शिकता येतं.

सगळ्यात मोठा गैरसमज वयाचा. काळा रंग, रॉडब्रेक, चेनवर पत्र्याचं झाकण, स्प्रिंगची सीट दिसली की सायकल ‘ब्रिटिशांच्या काळातली’ ठरते. हा साचा इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला खरा, पण भारतात तो आजतागायत बंद झालेला नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 मध्ये टीआय सायकल्स सुरू झाली, सोनिपतला 1951 मध्ये अ‍ॅटलस, लुधियानात 1956 मध्ये हीरो. या सगळ्यांनी वर्षानुवर्षं हीच काळी सायकल काढली. चाकंसुद्धा तीच: 28 इंची, पुढच्याला 32 आरे आणि मागच्याला 40. त्यामुळे लांबून पाहून 1940 ची सायकल आणि 1985 ची सायकल यांत फरक करता येत नाही. दूधवाल्याने विसेक वर्षांपूर्वी दुकानातून नवी घेतलेली सायकलही गंजली की आजोबांच्या काळातली दिसू लागते.

नाव इंग्रजी असलं तरी तेवढ्याने ती इंग्लंडची होत नाही. रॅले ही नॉटिंगहॅमची कंपनी, पण पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा मोठा कारखाना होता आणि देशभर विकल्या गेलेल्या असंख्य रॅले तिथल्याच. हर्क्युलिस मूळची बर्मिंगहॅमची, बीएसएही बर्मिंगहॅमची. भारतात मात्र ही दोन्ही नावं अंबत्तूरच्या कारखान्यातून बाहेर पडली. म्हणून फ्रेमच्या पुढच्या नळीवरचा धातूचा बिल्ला नुसता पाहू नका, वाचा. नावाखाली गाव कुठलं लिहिलं आहे? बिल्ला नवा चकचकीत आणि बाकी सायकल जुनाट असेल तर तो नंतर बसवलेला असण्याची शक्यता धरा, कारण नकली बिल्लेही विकत मिळतात. बिल्ल्याच्या कडेला जुनी बुजवलेली भोकं दिसतात का, तेही पाहावं.

बिल्ल्यापेक्षा मी चेनच्या मोठ्या चक्राकडे आधी पाहतो. जुन्या कंपन्यांनी आपली ओळख तिथे लोखंडातच कापून ठेवली आहे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी असतात, रजच्या चक्रात उघडा पंजा, हंबरच्या चक्रात हातापायांची साखळी केलेली माणसं, बीएसएच्या चक्रात तीन अक्षरं. बिल्ला उपटून दुसरा लावता येतो, रंग बदलता येतो. चक्र बदलायचं तर खालचं सगळं खोलावं लागतं, म्हणून ते बहुधा मूळचंच राहतं. एक जोडमाहिती इथे उपयोगी पडते. रॅलेने हंबर 1932 मध्ये घेतली आणि रज 1943 मध्ये. त्यानंतरच्या रज किंवा हंबरच्या आत पुष्कळसं रॅलेचंच सामान सापडतं.

वर्ष नेमकं सांगणारी खूण फक्त काही सायकलींवर असते. मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्या अंगावरचा मळ पुसा. तिथे मॉडेलचं नाव आणि शेजारी आकडे ठोकलेले असतात. ‘एडब्ल्यू’ या सर्वांत प्रचलित मॉडेलवर उदाहरणार्थ 54 आणि 7 असे आकडे असले, तर तो हब जुलै 1954 चा. पुढच्या चाकातल्या डायनामो हबवरही असे आकडे सापडतात. एडब्ल्यू 1936 मध्ये आला, म्हणजे त्या हबची सायकल ‘पहिल्या महायुद्धातली’ असल्याचं कोणी सांगत असेल तर एक तर सायकल तरी नंतरची, नाही तर चाक तरी. हबची तारीख हबचीच असते, हे विसरू नये. चाकं बदलली जातात.

आपल्याकडच्या बहुतेक सायकली बिनगिअरच्या. त्यांच्या वयाचा नेमका दाखला हबवर मिळत नाही, आणि तो मिळाला नाही म्हणून काही बिघडत नाही. आसनसोलची 1960 च्या दशकातली रॅले नॉटिंगहॅमची नाही म्हणून तिला नाक मुरडणारे लोक मला पटत नाहीत. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं 1980 मध्ये खास कायदा करून राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे दोन्ही संपल्या. त्या सायकली आता पुन्हा कधी बनणार नाहीत. कोकणातल्या मास्तरांनी, पोस्टमननी, मुंबईच्या गिरणीतून पैसे पाठवणाऱ्या चाकरमान्यांनी ज्या घेतल्या त्या बहुतांशी याच. कोकण रेल्वे 1990 च्या दशकात आली. त्याआधी कित्येक वर्षं मुंबईचं जड सामान आगबोटीने बंदरावर उतरायचं. घरात सायकल असणं ही तेव्हा सांगण्यासारखी गोष्ट होती. स्वस्तात चांगलं काही हवं असेल तर याच सायकली शोधाव्यात, कारण इंग्रजी नावांमागे धावणाऱ्यांची नजर अजून त्यांच्याकडे वळलेली नाही.

‘कोकणातली सायकल म्हणजे खाऱ्या हवेने खाल्लेली’ हेही सरसकट खरं नाही. मिऱ्या किंवा मांडवीला समुद्राच्या तोंडावर उघड्यावर ठेवलेलं लोखंड टिकत नाही, हे कबूल. पण आतल्या गावात, चुलीच्या वरच्या कोरड्या माळ्यावर टांगलेली सायकल आणि मांगरात ओल्या जमिनीवर टेकवलेली सायकल यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. ती कुठे होती, उभी होती की टांगलेली, हे आधी विचारा. मग रंगाकडे न बघता चार जागा तपासा: रिमची आतली बाजू, जिथे आऱ्यांची टोकं बसतात, मडगार्डच्या कडा, पेडलचा आस ज्या खोबणीत बसतो तिची खालची बाजू, आणि सीटची दांडी. वरवरचा तांबूस गंज ही फार भीतीची गोष्ट नाही, तेल आणि बारीक तारेच्या चोथ्याने तो निघतो. नखाला खड्डे लागले, टोकल्यावर नळीचा आवाज बसका आला किंवा पापुद्रे सुटले तर लोखंड आतून गेलं आहे. सीटची दांडी नळीत अडकून बसली असेल तर किंमत तिथेच उतरवून मागावी. ती सोडवायला रॉकेल, डिझेल, दिवसचे दिवस आणि संयम लागतो, आणि तरीही कधी कधी ती सुटत नाही.

याच्या अगदी उलटी फसगत ताज्या रंगाची. ऑइलपेंट मारून सोनेरी रेघा ओढलेली सायकल लोकांना ‘मेंटेन केलेली’ वाटते. रंगाखाली वेल्डिंगचे जोड, तडे, गंजाचे खड्डे सगळं लपतं. मूळ रंग कितीही उडालेला असो, त्यावरच्या अर्धवट पुसलेल्या रेघा आणि अक्षरं हा त्या सायकलीचा पुरावा असतो आणि तो एकदाच मिळतो. म्हणून घेतल्यावरही आधी रंगाचा डबा उघडू नका. बिल्ला चिंचेने किंवा आमसुलाने घासून लखलखीत करण्याचा मोहही आवरा. पितळ चमकतं, पण त्यावरचा रंग निघून जातो. क्रोम नव्याने चढवायला बसलात तर खर्च सायकलीच्या किमतीच्या पुढे जातो.

कातडी सीटबद्दल आपल्या भागात एक खास समज आहे: खोबरेल चोळा, सीट नव्यासारखी होते. ब्रूक्सची किंवा त्या धर्तीची सीट म्हणजे लोखंडी चौकटीवर ताणलेलं जाड कातडं. तेल भरपूर मुरलं की कातडं सैल पडतं आणि सीटची झोळी होते. कोरडं पडलेलं कातडं मेणचट मलमाने, अगदी थोडं लावून, हळूहळू जागं करावं. रिव्हेटपाशी फाटलेली सीट पुन्हा बसण्याजोगी होत नाही, हेही किंमत ठरवताना लक्षात असू द्या.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य तर घेणारे आणि विकणारे दोघेही म्हणतात. काळी सायकल अजून बनते, त्यामुळे 28 इंची टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे, कोन, आरे, कॉटर पिना हे साध्या दुकानात मिळतं. मिळत नाही ते वेगळंच. रॅलेने पेडलच्या आसाच्या वाट्यांना स्वतःचे इंचाला 26 आट्यांचे पेच ठेवले, इतरांचे 24 आट्यांचे. रॅलेच्या मूळ वाट्या झिजल्या असतील तर बाजारातल्या बसणार नाहीत. हँडलवरचा गिअरचा खटका, मूळ दिवा, डायनामो हब, पूर्ण बंद चेनकव्हर, बिल्ला, पंप लावायच्या खुंट्या ही शोधायची कामं. ती सगळी जागेवर असलेली धुळकट सायकल थोडी महाग पडली तरी परवडते. ती नसलेली फुकट मिळाली तरी महागात जाते, कारण एकेक वस्तू हुडकताना खर्च वाढत जातो.

गिअरच्या हबची एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती माहीत नसल्याने चांगले हब भंगारात जातात. तीन गिअरचा हब फिरत नाही म्हणजे मेला, असं मेकॅनिकही म्हणतात. बहुधा आतलं तेल वर्षानुवर्षं थिजून डिंक झालेलं असतं. रॉकेलने धुऊन, पातळ तेल घालून, काही दिवस थोडं थोडं फिरवत राहिलं की पुष्कळ हब चालू होतात. स्टर्मी-आर्चर हे नाव 2000 पासून तैवानच्या कंपनीकडे आहे आणि एडब्ल्यूच्या आतल्या बऱ्याच वस्तू आजही नव्या मिळतात. बाहेरचं कवच मात्र फेकू नका: जुनं 40 छिद्रांचं, आज मिळणारे हब बहुतेक 36 छिद्रांचे, मग रिमही बदलावी लागते. या हबचा खालचा गिअर सरळ गिअरपेक्षा चौथा हिस्सा हलका, वरचा तिसऱ्या हिश्श्याने जड. बाजारपेठेतून मारुती मंदिरापर्यंतचा चढ चढून पाहिलात की त्या चौथ्या हिश्श्याची किंमत पायांना कळेल.

घडीची सायकल दिसली की ती ‘पॅराशूटवाल्या सैनिकांची’ असते असं सांगतात. बीएसएने दुसऱ्या महायुद्धात तशी सायकल खरोखर बनवली, सुमारे सत्तर हजार. तिची फ्रेम जोड नळ्यांची, बदामाच्या आकाराकडे झुकणारी, आणि घडी पंखांच्या नटांवर. एका जाड नळीवर बिजागरी असलेली लहान चाकांची सायकल ती नव्हे.

मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे स्वस्त मिळतं, हा समज आता सोडून द्यावा. तिथे बसणाऱ्यांना चक्रातले बगळे आपल्याआधी कळतात. शिकायला मात्र जरूर जा. त्याहून चांगलं म्हणजे पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे मूळ अवस्थेतल्या सायकली एकत्र पाहायला मिळतात. तिथले दिवे, खटके, बिल्ले डोळ्यांत साठवून घेतले की माळ्यावरच्या अंधारातही काय अस्सल आहे ते कळतं.

आता कागदांचं. जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून पन्नास वर्षांवरील वाहनांची वेगळी नोंदणी आहे, ती मोटारवाहनांना. सायकलीला आरसी नसते. पूर्वी नगरपालिका सायकलकर घेऊन पितळी बिल्ला देत, तो काही सायकलींवर अजून असतो. त्यावरून ती कुठल्या गावात फिरली ते समजतं, मालकी सिद्ध होत नाही. आणि कागद नाही म्हणजे प्रश्न नाही, असं समजणं धोक्याचं. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसं मानायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आपल्याकडे चोरीपेक्षा भाऊबंदकीचा प्रश्न जास्त. घर सामाईक, वाटेकरी मुंबई-पुण्याला, आणि सायकल दाखवणारा राखणदार किंवा एकटा राहिलेला एखादा काका. त्याने हौसेने दिली तरी ती त्याच्या एकट्याची नसते. तुम्ही ती घरी नेऊन दुरुस्त केलीत की गणपतीत कोणीतरी विचारतंच, ‘आमच्या आप्पांची सायकल कुठे गेली?’ म्हणून वाटेकऱ्यांपैकी जाणत्या माणसाशी फोनवर बोलून घ्या. आणि चक्रात बगळे दिसले असतील, हबवर जुने आकडे असतील, तर ते विकणाऱ्याला सांगा. म्हाताऱ्या काकूंना माहीत नाही म्हणून भंगाराच्या भावात उचललेली सायकल हा सौदा नव्हे, लबाडी आहे. खरं सांगूनही कोकणातली माणसं वाजवी भावात देतात. ती चालवली जाणार, विकली जाणार नाही, एवढं त्यांना कळलं तर पुष्कळदा त्याहूनही कमी घेतात. ठरलं की साध्या कागदावर चिठ्ठी करा: देणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या आणि फ्रेमचा नंबर. तो सीटखालच्या जोडावर असतो, मागच्या चाकाच्या खाचेपाशी असतो, नाही तर सायकल उलटी करून पेडलच्या आसाखाली पाहावा.