मुका मार नव्हे, हाडातला पू

शहापूर असो की मुरबाड, पोर लंगडायला लागलं की एकच निदान ऐकू येतं: "पडला असेल कुठंतरी, मुका मार आहे. तेलानं चोळा." सहा-सात वर्षांचं पोर रोज कुठं ना कुठं पडतंच, त्यामुळे हे निदान कधी खोटं ठरत नाही. अंगात ताप असला तरी नाही; 'माराचा ताप' हे नाव तयारच असतं!

मुक्या मारानं दोन-तीन दिवस सणकून ताप राहत नाही. ताप आहे, पोर पाय टेकत नाही, गुडघ्याच्या वर किंवा खाली एका जागी बोट लावू देत नाही, तर हाडात जंतुसंसर्ग असेल असं धरूनच चालावं. डॉक्टर त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. बहुतेकदा हे काम स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचं. तो त्वचेवर, नाकात असतोच; खरजेच्या फोडातूनही रक्तात शिरू शकतो. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ रक्त संथ वाहतं, तिथं तो ठाण मांडतो. पू साचतो, हाडावरचं आवरण सुटतं, रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. मेलेल्या हाडात औषध पोचत नाही. तोवर आपण काय करतो? चोळतो, कामट्या बांधतो, वर बिब्ब्याचा चटका देतो. हाडवैद्याला मोडलेलं हाड बसवता येत असेलही, पण हाडातला पू चोळून निघत नाही.

"एक्स-रेत काही निघालं नाही" हाही फसवा दिलासा. पहिले सात-दहा दिवस एक्स-रे साफ दिसू शकतो. रक्ततपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय लागतो.

"एकदा हाडात पू झाला की जन्माचं दुखणं" हे तर साफ खोटं. फिनलंडमध्ये पेल्टोला आणि सहकाऱ्यांनी 131 मुलांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. वेळेत उपचार सुरू झालेल्या बहुतेक मुलांना 20 दिवसांची प्रतिजैविकं 30 दिवसांइतकीच पुरली. जुनाट होतं ते उशिरामुळे किंवा औषध अर्धवट सुटल्यामुळे. मग कातडीला भोक पडून पू वाहतो, थांबतो, पुन्हा वाहतो. पू थांबला म्हणजे बरं झालं असं नाही. मेलेला तुकडा शस्त्रक्रियेनं काढावा लागतो.

आणि औषध अर्धवट का सुटतं? दिवाळीनंतर कातकरी-ठाकूर कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. त्यांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा डॉक्टरांनी पुढचा मुक्काम विचारावा आणि उपचाराचा कागद हातात द्यावा.

बाकीचे समज थोडक्यात. कॅल्शियमच्या गोळीनं पू जात नाही. हे दुखणं एका पोराकडून दुसऱ्याला लागत नाही. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारी सूज हाडाचा क्षय असू शकते. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि क्वचित हाडांना सूज येते पण जंतू सापडतच नाही. सीआरएमओ नावाच्या त्या आजारात प्रतिजैविकं उपयोगाची नाहीत, सूज उतरवणारी औषधं लागतात. मात्र तो ठरवायचा संसर्ग, क्षय आणि कर्करोग नाही याची खात्री झाल्यावरच.

ताप आणि लंगडणं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. चालवत नेऊ नका, 108 ला फोन करा.