अपवादाचे कलम

२ फेब्रुवारी १९३२ च्या दुपारी जिनीव्हा येथे निःशस्त्रीकरणाच्या जागतिक परिषदेचा आरंभ व्हावयाचा होता, आणि साठाच्या आसपास राष्ट्रांचे वकील आपापली दप्तरे घेऊन त्या नगरीत दाखल झाले होते. परंतु ठरलेल्या घटकेस परिषद भरू शकली नाही. शांघायच्या चापेई वस्तीवर जपानी विमानांनी नुकताच बाँबवर्षाव केला होता, त्याची दखल घेण्यासाठी राष्ट्रसंघाच्या कौन्सिलची तातडीची बैठक बोलवावी लागली, आणि शस्त्रसंन्यासाचा विचार करावयास जमलेल्या जगाला चालू लढाईसाठी तासभर तिष्ठत राहावे लागले. त्या काळाचा वृत्तांत लिहिणारे या एका तासाचा उल्लेख अपशकुन म्हणून करतात. मला मात्र, त्या परिषदेचा आणि तिच्या आधीच्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास जसजसा वाचीत गेलो तसतसे वाटू लागले की, या अपशकुनाच्या कथेने आपली काहीशी दिशाभूल केली आहे. कारण तिच्यावरून असे भासते की शांततेचे घर बाहेरून आलेल्या दरोडेखोरांनी लुटले. दरोडेखोर आले, यात संशय नाही. पण त्या घराच्या मागल्या दाराची कडी घरातल्याच माणसांनी अगोदर आणि विचारपूर्वक काढून ठेवली होती, आणि तहनाम्यांच्या भाषेत त्या कृत्याला एक सभ्य नाव होते : अपवाद.

परिषदेचे अध्यक्ष आर्थर हेंडरसन. पोरवयात ओतशाळेत उमेदवारी केलेले आणि कामगार चळवळीतून वर आलेले हे गृहस्थ ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना या पदावर निवडले गेले. परंतु परिषद भरेपर्यंत त्यांचे मंत्रिपद गेले होते, पार्लमेंटातील जागाही गेली होती, आणि प्रकृती ढासळली होती. त्यांचा थोरला मुलगा १९१६ साली रणांगणावर पडला होता. कोणत्याही सरकारची मुखत्यारी हाती नसलेला, पुत्रशोक पचविलेला असा वृद्ध माणूस जगातल्या तोफा मोजावयास बसला, यातच त्या प्रयत्नाचे मोठेपण आणि दौर्बल्य दोन्ही आले. ६ फेब्रुवारीस त्यांच्यापुढे निरनिराळ्या देशांतील स्त्रियांनी घरोघर हिंडून गोळा केलेल्या सह्यांचे गठ्ठे आणून ठेवण्यात आले. त्या सह्या ८० लाखांहून अधिक होत्या. एवढ्या सह्यांत किती जणींनी आपल्या मुलाचे वा भावाचे नाव मनात आणून लेखणी टेकली असेल, याचा विचार करू लागले की तो कागद नुसता अर्ज राहत नाही, ती एका उद्ध्वस्त पिढीची कैफियत होते. अशा कैफियतीला मान्य किंवा अमान्य एवढेच उत्तर असू शकते. प्रत्यक्षात तिला तिसरेच उत्तर मिळाले : मान्य, परंतु.

या ‘परंतु’चा माग काढीत मागे गेले की पाऊलवाट हेगला पोहोचते. रशियाच्या दुसऱ्या निकोलस झारने ऑगस्ट १८९८ मध्ये खलिता धाडून राष्ट्रांना पाचारण केले आणि १८ मे १८९९ रोजी तेथे पहिली शांतता परिषद भरली. ‘शस्त्रे खाली ठेवा’ या कादंबरीने युरोप हलविणाऱ्या बर्था फॉन सुटनर त्या वेळी तेथे उपस्थित होत्या. सैन्ये घटविण्याचा मूळ हेतू तर बाजूसच राहिला. मात्र तीन घोषणा झाल्या, त्यांपैकी एक होती शरीरात शिरल्यावर फुटून पसरणाऱ्या गोळीविरुद्ध. ही गोळी ज्या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाली ते नाव आपल्या देशातले आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात, चित्रालच्या मोहिमेनंतर, ती तयार झाली. साध्या गोळीने वायव्य सरहद्दीवरील पठाण जागीच थांबत नाही, तो जखमी होऊनही धावून येतो, अशी लष्करी अधिकाऱ्यांची तक्रार होती. हेगच्या सभागृहात ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी या गोळीचे समर्थन ज्या युक्तिवादाने केले त्याचा आशय असा की, सुधारलेल्या राष्ट्राचा शिपाई गोळी लागताच जमिनीवर पडतो, तो रानटी नव्हे; रानटी मनुष्य तसाच पुढे येतो आणि आंतरराष्ट्रीय नियमाचा भंग झाल्याचे त्याला समजावून सांगण्यापूर्वीच तो तुमचे मुंडके उडवितो. बहुतेक राष्ट्रांनी हा युक्तिवाद धुडकावला आणि १९०७ मध्ये ब्रिटननेही ती घोषणा स्वीकारली. तरी जे सांगावयाचे ते सांगून झाले होते. देह दोन प्रकारचे असतात, आणि करुणेचा कायदा त्यांपैकी एकालाच लागू होतो, हे गृहीतक शांततेच्या पहिल्याच परिषदेत उघडपणे उच्चारले गेले, आणि ते उच्चारणारा मनुष्य कोणी क्रूरकर्मा नव्हता, आपले काम चोख बजावणारा एक अधिकारी होता. मला या प्रकरणातील सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते.

महायुद्ध आले आणि गेले. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिस येथे केलॉग-ब्रियाँ करारावर सह्या होऊन राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग जाहीर करण्यात आला, तेव्हा असे वाटले की आता पळवाट उरली नाही. परंतु त्यापूर्वीच्या पत्रव्यवहारात ब्रिटनने नमूद करून ठेवले होते की, जगातील काही प्रदेशांशी आपले विशेष हितसंबंध निगडित असल्यामुळे तेथे आपणांस मोकळीक असावी. कोणते प्रदेश, याची यादी दिलेली नव्हती. देण्याची गरज नव्हती. त्या यादीत आपण होतो.

जिनीव्हाच्या परिषदेत हा शिरस्ता पूर्ण रूपास आला. आक्रमणाची शस्त्रे कोणती आणि संरक्षणाची कोणती, हा वाद तज्ज्ञांच्या समित्यांत महिनोन्‌महिने चालला. ज्याच्यापाशी जे शस्त्र विपुल होते ते त्याला संरक्षणाचे वाटे, आणि शेजाऱ्याचे तेवढे आक्रमणाचे. इंग्रजांच्या लेखी पाणबुडी निंद्य होती, युद्धनौका निंद्य नव्हती. रणगाड्यांचे टनांमध्ये आणि तोफांचे व्यासामध्ये मोजमाप घेतले गेले, पण एकमत झाले नाही. जून १९३२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनी सरसकट एकतृतीयांश कपातीची सूचना केली, तिचे स्वागत झाले आणि ती बासनात गेली. इकडे व्हर्सायच्या तहाने जर्मनीस एक लाख सैनिकांवर आणून ठेवताना, ही सर्व राष्ट्रांच्या शस्त्रकपातीची सुरुवात असेल असे लिहून दिलेले होते. ते वचन तेरा वर्षे पाळले गेले नव्हते. १४ ऑक्टोबर १९३३ रोजी हिटलरने परिषद सोडली तेव्हा त्याचा हेतू काळाकुट्ट होता, पण त्याच्या हातातली तक्रार खरी होती, आणि ती त्याच्या हाती देण्याचे पातक इतरांचे होते.

पण या सर्वांत विमानांचे प्रकरण मला अधिक बारकाईने सांगावेसे वाटते, कारण आकाशातून बाँब टाकण्यावर संपूर्ण बंदी घालणे ही गोष्ट त्या वेळी हाताच्या अंतरावर आली होती. नागरी वस्तीवर पडणाऱ्या बाँबची धास्ती सर्वांनाच होती. बाँबफेक्या विमानाला कोणीही पूर्णपणे अडवू शकणार नाही, असे बॉल्डविन यांनी १० नोव्हेंबर १९३२ रोजी ब्रिटिश लोकसभेत बजावून सांगितले होते. १६ मार्च १९३३ रोजी रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जो मसुदा मांडला त्याच्या ३४व्या कलमात ही बंदी लिहिलेली होती, आणि त्याच वाक्यात कंसात एक सवलत होती : दूरवरच्या काही मुलखांत पोलिसी कामासाठी होणारी बाँबफेक वगळून. दूरवरचा मुलूख म्हणजे इराक आणि आपली वायव्य सरहद्द. तेथली रीत अशी होती की, एखाद्या टोळीने दंड भरला नाही किंवा हल्ला केला तर विमानातून आधी पत्रके टाकावयाची, अमुक मुदतीत घरे सोडून जा असा हुकूम द्यावयाचा, आणि मग ती घरे, धान्य व गुरे यांवर बाँब टाकावयाचे. १९२५ मध्ये वझिरिस्तानात तर एक सबंध मोहीम केवळ विमानांनी लढविली गेली. आभाळातून पडलेला कागद हाती धरून एखादी बाई आपल्या मातीच्या घराकडे पाहत उभी आहे, पदराशी मूल आहे आणि डोंगरात न्यावयाची मेंढरे अजून खुंट्याला आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आले की तो कंस वाचवत नाही. कंसाला अनेक प्रतिनिधींनी हरकत घेतली. परिषद मोडण्यास केवळ तो कंस कारण झाला असे म्हणणे सत्याला सोडून होईल. परंतु मे १९३५ मध्ये हवाईमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी उमरावांच्या सभेत आपण होऊन कबूल केले की, लोकांच्या आरड्याओरड्यात मध्यपूर्वेच्या आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील वापरापुरतेसुद्धा बाँबफेके विमान वाचविणे आपणांस अतिशय कठीण गेले. त्यांनी ते वाचविले. पुढे पाच वर्षांत लंडनवर काय पडले ते सर्वश्रुत आहे.

नैतिक वादाची दुसरी बाजू सामान्य माणसांच्या मनात चालली होती, आणि ती राजकारण्यांच्या वादापेक्षा कितीतरी प्रामाणिक होती. फेब्रुवारी १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी राजासाठी व देशासाठी लढणार नाही असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. १९३५ च्या शांतता-मतदानात ब्रिटनमधील १ कोटी १५ लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला; त्यांच्यातील प्रचंड बहुसंख्येने शस्त्रकपातीस कौल दिला, आणि तरीही आक्रमकाला रोखण्यासाठी प्रसंगी लष्करी उपाय योजावे या प्रश्नालाही सुमारे ६८ लाखांनी होकार दिला. हा गोंधळ नव्हता. ही यातना होती. आइन्स्टाइन यांनी तोवर लष्करी सेवेला नकार देण्याचा उपदेश केला होता, आणि १९३३ च्या उन्हाळ्यात बेल्जममधील तरुणांविषयी त्यांनी कळविले की आज मी बेल्जन असतो तर सैन्यात आनंदाने गेलो असतो. त्यांचे जुने अनुयायी दुखावले. अपवाद त्यांनीही केला, पण तो दुर्बळाच्या रक्षणासाठी आणि स्वतःच्या कीर्तीची किंमत देऊन केला. बलवानाची सोय म्हणून केलेल्या अपवादाशी त्याची तुलना करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एक मनुष्य मात्र अपवाद न करता बोलला. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी रोमां रोलां यांच्याकडे व्हिलनव्ह येथे उतरले आणि लोझान व जिनीव्हा येथे सभांत बोलले. निःशस्त्र राष्ट्राने सरहद्द कशी राखावी, असे स्विस लोकांनी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की स्त्री-पुरुष-मुलांची जिवंत भिंत उभी करा, आणि शत्रूला तुमच्या प्रेतांवरून चालत जाण्यास सांगा. हे उत्तर मला आजही पेलत नाही. दुसऱ्याच्या मुलांना त्या भिंतीत उभे राहा असे सांगण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न सुटत नाही. पण सांगणारा स्वतः कोठे उभा होता तेही पाहिले पाहिजे. ४ जानेवारी १९३२ ला मुंबईत त्यांना अटक झाली, आणि जिनीव्हाची परिषद भरली तेव्हा ते येरवड्याच्या तुरुंगात होते. हिंदुस्थानच्या वतीने त्या परिषदेत आगाखान बोलले. त्याच आगाखानांचा वाडा येरवड्याजवळ आहे, आणि १९४२ मध्ये गांधीजींचा तुरुंग तोच झाला. पुण्यात गेलो की मी तेथे जातो. मागल्या अंगणात कस्तुरबांची आणि महादेवभाई देसाईंची समाधी शेजारी शेजारी आहे. व्हिलनव्हच्या त्या भेटीत महादेवभाई सोबत होते. सकाळी माळी तुळशीला पाणी घालून जातो, त्या ओल्या मातीपाशी उभे राहिले म्हणजे जिवंत भिंतीची गोष्ट निव्वळ कल्पना वाटत नाही.

आपण स्वतंत्र झाल्यावर तरी या कलमापासून मुक्त राहिलो का? अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारात १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणाऱ्यांना एक न्याय आणि इतरांना दुसरा, असे लिहिले गेले, तेव्हा आपण त्यावर सही करण्याचे नाकारले, ते योग्यच होते. परंतु १९७४ मध्ये पोखरणच्या स्फोटाला शांततामय हे विशेषण लावताना आपणही स्वतःसाठी एक कंस मागितला, हे लिहिताना माझी लेखणी जड होते.

ऑक्टोबर १९३५ च्या ३ तारखेला इटलीने अबिसीनियावर स्वारी केली आणि २० तारखेला हेंडरसन निवर्तले. विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या जिनीव्हा करारावर इटलीची सही होती, तरी त्या डिसेंबरापासून इटालियन विमाने वायू सोडू लागली, आणि समर्थनार्थ जी कारणे पुढे करण्यात आली त्यांत एक असे होते की हबशी सैनिक दमदम गोळ्या वापरतात. दमदमला पठाणांसाठी घडविलेली ती गोळी अशा रीतीने दुसऱ्या एका काळ्या प्रजेवर विष ओतण्याची सबब झाली. ३० जून १९३६ रोजी सम्राट हैले सेलासी जिनीव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा गॅलरीतल्या इटालियन पत्रकारांनी शिट्या मारल्या. त्यांना बाहेर काढल्यावर सम्राटांनी आपल्या अम्हारिक भाषेत सांगितले की विमानांवर फवारे बसविले होते, एकामागून एक विमाने येत, आणि बारीक पावसासारखे ते विष शिपायांवर, बायकामुलांवर, गुरांवर, नद्यांवर आणि कुरणांवर पडत राही. आणि शेवटी त्यांनी विचारले की मी माझ्या लोकांकडे काय उत्तर घेऊन जाऊ. १५ जुलैपासून इटलीवरील निर्बंध उठविण्यात आले.