भुलेखालचा श्वास मापातच हवा

पोटाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की घरच्यांचं सगळं लक्ष पोटाकडे असतं. गाठ पूर्ण निघाली का, आतडं नीट जोडलं का, टाके कधी काढणार. पण अशा ऑपरेशननंतर रुग्णाचं बरं होणं पुष्कळदा फुप्फुसापाशी अडतं. दोन-चार दिवसांत ताप येतो, धाप लागते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, न्यूमोनिया निघतो. याला नशिबाचा भाग म्हणून सोडून देण्याचं कारण नाही. या दुखण्याची सुरुवात अनेकदा ऑपरेशन टेबलावरच होते, आणि भूलतज्ज्ञानं व्हेंटिलेटर रुग्णाच्या मापानं लावला तर ते बऱ्याच अंशी टाळता येतं.

पूर्ण भूल देऊन स्नायू सैल केले की छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल वर सरकतं. उताण्या झोपलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो आणि तिथले वायुकोश मिटतात. १९८०च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी सीटी स्कॅनवर हे स्पष्ट दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९६३ साली, मोठे श्वास दिले तर फुप्फुस मिटत नाही असा निष्कर्ष अमेरिकेत निघाला होता. त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे १० ते १२ मिलिलिटर हवा देण्याची पद्धत रूढ झाली. मोठ्या श्वासाची दुसरी बाजू आयसीयूत उघड झाली. फुप्फुसं गंभीररीत्या सुजलेल्या ८६१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, २००० साली, किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. कारण मोठा श्वास मिटलेल्या भागात पोचण्याआधी उघड्या वायुकोशांनाच वाजवीपेक्षा जास्त ताणतो, आणि त्या ताणानं तिथे सूज येते.

मग ऑपरेशनपुरती व्हेंटिलेटरवर असलेली धडधाकट फुप्फुसंही अशी दुखावतात का? फ्रान्समधल्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीनं २०१३ साली याचं उत्तर दिलं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना जुन्या पद्धतीनं मोठे श्वास दिले. उरलेल्यांना किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर हवा दिली, श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखला (याला डॉक्टर ‘पीप’ म्हणतात) आणि दर अर्ध्या तासानं मिटलेले वायुकोश जास्त दाब देऊन उघडले. पहिल्या सात दिवसांत मोठ्या गुंतागुंती जुन्या पद्धतीत २७.५ टक्के रुग्णांना झाल्या, नव्या पद्धतीत १०.५ टक्के रुग्णांना.

यावर रास्त आक्षेप असा की तीन गोष्टी एकदम बदलल्यावर गुण कुणाचा म्हणायचा? पुढच्या चाचण्यांनी हा आक्षेप आणखी धारदार केला. २०१४ सालच्या ‘प्रोव्हिलो’ चाचणीत ९०० रुग्णांपैकी निम्म्यांना १२ सेंटिमीटर पाण्याइतका जास्त पीप दिला, बाकीच्यांना जवळजवळ नाहीच. फुप्फुसाच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच राहिल्या, उलट जास्त दाबानं रक्तदाब मात्र अधिक घसरला. मेलबर्नमधल्या २०२० सालच्या चाचणीत ६ आणि १० मिलिलिटरमध्येही फरक दिसला नाही. म्हणून सगळं व्यर्थ ठरतं का? मला तसं वाटत नाही. ‘प्रोव्हिलो’ चाचणीत दोन्ही गटांचा श्वास किलोमागे ८ मिलिलिटर, म्हणजे मर्यादेतलाच होता. मेलबर्नच्या चाचणीत दोन्ही गटांना ५ सेंटिमीटर पीप मिळत होता. म्हणजे एकेका दोषापासून रुग्ण आधीच वाचलेले होते. मोठा श्वास आणि शून्य पीप ही जोडगोळी घातक, असाच या आकड्यांचा माझ्या मते अर्थ होतो. तिच्यावर उपाय दुसऱ्या टोकाला जाण्यात नाही, मध्यम मापात आहे.

हे माप वजनकाट्यावरून घ्यायचं नसतं, कारण फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, चरबीनं तो वाढत नाही. १५० सेंटिमीटर उंचीची, ७० किलो वजनाची बाई घ्या. काट्यावरच्या वजनाला किलोमागे ८ मिलिलिटर धरले तर एक श्वास ५६० मिलिलिटरचा होतो. पण तिच्या उंचीला साजेसं वजन जेमतेम ४३ किलो. त्या हिशेबानं तिच्या फुप्फुसाला किलोमागे १३ मिलिलिटर पडतात. खरं तर तिचा एक श्वास सुमारे ३०० मिलिलिटरचाच हवा. बुटक्या आणि स्थूल रुग्णांवर, त्यातही बायकांवर, हा अन्याय सहज होतो. तो टाळायला नवं यंत्र लागत नाही, उंची मोजणारी टेप पुरते. श्वास लहान केल्यानं कार्बन डायऑक्साइड साठेल ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत श्वासांची गती वाढवून दूर करता येते.

अर्थात टेबलावरची काळजी एकटी पुरत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी रुग्णांच्या एका गटाला फक्त माहितीपत्रक दिलं. दुसऱ्या गटाला त्याखेरीज फिजिओथेरपिस्टनं अर्धा तास बसून शुद्धीवर येताच करायचे दीर्घ श्वास आणि खोकणं शिकवलं. फुप्फुसाच्या तक्रारी २७ टक्क्यांऐवजी १२ टक्के रुग्णांना झाल्या. म्हणून भुलेची पूर्वतपासणी उरकून टाकण्याची गोष्ट समजू नका. उंची मोजून घ्या, बिडी-सिगारेट, दमा, झोपेतलं घोरणं काहीही लपवू नका, आणि ऑपरेशननंतरचे श्वासाचे व्यायाम आधीच शिकवा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.