स्वच्छ म्हणजे कशापासून स्वच्छ?

‘पाणी स्वच्छ आहे का?’ असे आपण वर्गात विचारले, की मुले पेला उजेडासमोर धरतात आणि आरपार दिसले की ‘हो’ म्हणतात. यात मुलांचे फारसे चुकत नाही. ‘स्वच्छ’ हा शब्द ‘सु’ आणि ‘अच्छ’ यांपासून बनला आहे आणि ‘अच्छ’ म्हणजे नितळ. शब्दाचा मूळ अर्थच डोळ्यांना कळणारा आहे. रोगजंतू मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि पाणी निवळते. काही जंतूही त्यांच्याबरोबर खाली जातात, पण सगळे नाहीत. म्हणून नंतर टी.सी.एल. पावडर घालून निदान अर्धा तास थांबायचे. तिच्यातील क्लोरीनने जंतू मरतात. तुरटीचे पाणी दिसायला स्वच्छ. क्लोरीनचे पाणी पिण्यासाठी स्वच्छ. हा फरक जिवाशी खेळणारा ठरू शकतो. २०२५ च्या जानेवारीत पुणे परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हे जीवाणू सापडले आणि दूषित पाण्याचा संशय घेतला गेला.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ पिंपरीत भेटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. हे औषध एक बुरशी बनवते. तिच्यासाठी मोठ्या टाकीत साखर व इतर पोषक द्रव्ये असलेला द्राव भरतात. त्यात बाहेरचे जीवाणू शिरले तर ते बुरशीचे अन्न खातात. काही जीवाणू तर पेनिसिलिनच मोडून टाकणारे विकर तयार करतात. मग सगळी टाकी वाया!

म्हणून अशी टाकी घासून-धुऊन भागत नाही. नुसत्या उकळण्यानेही भागत नाही, कारण काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात तग धरतात. दाबाखालच्या वाफेने टाकी व द्राव सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये जवळपास एवढेच तापमान असते. टाकीत सोडायची हवाही जंतुरहित करून घेतात.

गंमत पुढेच आहे. अशा ‘स्वच्छ’ टाकीत मुद्दाम बुरशी सोडतात! पावावर बुरशी दिसली की आपण तो घाण म्हणून फेकतो. इथे मात्र तीच हवी, दुसरे कोणी नको.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पिण्याच्या पाण्याचे दोन पेले घेऊन एकात चिमूटभर मीठ पूर्ण विरघळवा आणि कोणता पेला खारा ते नुसते पाहून ओळखायला सांगा. ओळखता येणार नाही. मग मुलांनीच विचारू द्या: स्वच्छ, पण कशापासून आणि कशासाठी? हा प्रश्न विचारायची सवय लागली, तर नितळ पाणी पाहून कोणी बेसावध राहणार नाही, असे आम्हांला वाटते.