टोपणनावाआडचा लेस्टर डेंट

१९३३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या प्रकाशनसंस्थेने दहा सेंट किमतीचे ‘डॉक सॅव्हेज’ हे मासिक सुरू केले, आणि १९४९ च्या उन्हाळ्यात ते बंद पडेपर्यंत त्यातून १८१ साहसकादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य ज्या एका माणसाच्या लेखणीतून उतरल्या, त्या लेस्टर डेंटचे नाव मात्र मुखपृष्ठावर येत नसे. तेथे ‘केनेथ रोबसन’ हे प्रकाशकाच्या मालकीचे टोपणनाव झळके. १९४४ च्या मार्चच्या अंकात त्याचे खरे नाव छापले गेले, तेही नजरचुकीने. आपल्याकडे हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे नाव झुंजार आणि काळापहाड यांच्याइतकेच वाचकांच्या तोंडी होते. ते भाग्य डेंटला हयातीत लाभले नाही, याची खंत त्याचे लेखन वाचताना वारंवार वाटत राहते.

त्याचा जन्म १२ ऑक्टोबर १९०४ रोजी मिसूरी राज्यातल्या ला प्लाटा या लहानशा गावी झाला. बालपणाचा मोठा काळ वायोमिंगमधल्या एकाकी माळरानावर गेला. पुढे तारायंत्राचे काम शिकून तो ओक्लाहोमातल्या टल्सा येथे असोसिएटेड प्रेसच्या कचेरीत रात्रपाळीवर रुजू झाला, आणि एका सहकाऱ्याला एका कथेचा घसघशीत मोबदला मिळालेला पाहून, तारा येण्याच्या मधल्या निवांत वेळात स्वतःही लिहू लागला. १९२९ मध्ये ‘टॉप-नॉच’ मासिकाने त्याची कथा छापली. १९३१ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला.

हलक्या, खरबरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या या ‘पल्प’ मासिकांचा कारखाना अविरत चालत असे, आणि त्याला दरमहा पन्नास हजारांहून अधिक शब्द पुरवायचे तर केवळ स्फूर्तीवर विसंबून भागण्यासारखे नव्हते. म्हणून डेंटने कथारचनेची एक पद्धत बसवली आणि ती गुपित न ठेवता होतकरू लेखकांसाठी प्रसिद्धही केली. सहा हजार शब्दांच्या कथेचे त्याने दीड-दीड हजारांचे चार भाग पाडले होते: पहिल्या ओळीत, निदान तिच्या शक्य तितके जवळ, नायक यावा आणि त्याच क्षणी त्याच्यावर संकट कोसळावे, प्रत्येक भागात प्रत्यक्ष हातघाई आणि अखेरीस अनपेक्षित कलाटणी असावी, तिसऱ्याच्या शेवटी नायक पुरता पिचून जावा, आणि चौथ्यात, आता याची सुटका नाही असे वाटत असता, त्याने दुसऱ्या कोणाच्या कृपेने नव्हे, तर स्वतःच्याच बुद्धिसामर्थ्याने मुक्त व्हावे. ईजिप्तमध्ये कथा घडवायची तर तिथल्या बोलीचे संभाषणाचे पुस्तक मिळवून दोनचार वाक्ये पात्रांच्या तोंडी घालावीत, पण त्यांचा अर्थ वाचकाला उमगेल अशी तजवीज करावी, इथपर्यंत त्याचा सल्ला तपशीलवार आहे. या आराखड्याला यांत्रिक म्हणून नाक मुरडणारे टीकाकार मला मान्य नाहीत. कीर्तनालाही पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट असतेच. तेवढ्याने कीर्तनकाराच्या वाणीतले ओज उणावत नाही.

शिवाय चौकटीत भरायचा ऐवज त्याने स्वतः कमावलेला होता. तो विमान चालवी, हौशी रेडिओयंत्रणा हाताळी, आणि स्वतःच्या शिडाच्या नौकेतून कॅरिबियन समुद्रात बुडालेला खजिना शोधीत हिंडला होता. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीच्या ८६ व्या मजल्यावर पाच विद्वान साथीदारांसह वावरणारा त्याचा कांस्यवर्णी नायक नाना यंत्रे वापरतो. ती वाचकाला खरी वाटतात, कारण लिहिणाऱ्याच्या बोटांना तारांची आणि पेचांची सवय होती. क्लार्क हे मूळ नाव आणि उत्तर ध्रुवाकडच्या हिमप्रदेशातला एकान्तदुर्ग, या दोन्ही गोष्टी डॉक सॅव्हेजपाशी सुपरमॅनच्या आधीपासून होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि डेंटची खरी उंची मोजायची तर १९३६ मध्ये ‘ब्लॅक मास्क’ मासिकात आलेल्या ‘सेल’ आणि ‘एंजलफिश’ या दोनच कथांकडे वळावे लागते. त्यांत नायक अतिमानव नाही. नखशिखान्त काळा पोशाख करणारा, नावेवर राहणारा ऑस्कर सेल हा हाडामांसाचा माणूस आहे, आणि वाक्ये तर अशी आटोपशीर की एक शब्दही काढता येऊ नये. संपादक जोसेफ शॉ यांनी या लेखकाकडून सावकाश, पुनःपुन्हा घासून लिहिण्याची अपेक्षा धरली होती. त्याच वर्षी शॉ यांना त्या पदावरून दूर व्हावे लागले, आणि डेंटने त्या मासिकासाठी पुन्हा लिहिले नाही. मासिक हप्त्याच्या निश्चित उत्पन्नाने त्याला स्थैर्य दिले खरे, परंतु त्या स्थैर्याची किंमत म्हणून एका उत्तम कथाकाराची वाढ खुंटली, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९४० च्या सुमारास तो ला प्लाटाला परतला. तेथे त्याने दुग्धव्यवसाय केला, विमानातून छायाचित्रे घेण्याचा धंदा चालवला, स्वतःच्या नावाने काही रहस्यकादंबऱ्याही लिहिल्या. ११ मार्च १९५९ रोजी तो वारला. १९६४ पासून बॅन्टम प्रकाशनाने जुन्या कादंबऱ्या जेम्स बामाच्या चित्रांसह पुन्हा काढल्या आणि नव्या पिढीने त्या लक्षावधींच्या संख्येने विकत घेतल्या. पण तेव्हाही मुखपृष्ठावर केनेथ रोबसनच होता. म्हणून जिज्ञासू वाचकाला माझी विनंती एवढीच की, डेंटशी परिचय करून घेताना त्याने आरंभ ‘सेल’पासून करावा, डॉक सॅव्हेज मागाहून वाचला तरी चालेल.